शिराकावा आणि वीज वाहणारं प्लॅस्टिक: नऊ वर्षांच्या कामाचं श्रेय एका चुकीला का?

रसायनी (धागाकर्ती)

हिदेकी शिराकावा यांचं नाव निघालं की एकच गोष्ट सांगितली जाते. पाहुण्या संशोधकाने उत्प्रेरक हजारपट जास्त घातला, काळ्या भुकटीऐवजी चकचकीत पापुद्रा आला आणि 2000 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. शाळेतल्या विज्ञानदिनाच्या भाषणांपासून कॉलेजच्या व्याख्यानांपर्यंत सगळीकडे हेच. गोष्ट खरी आहे, पण तिच्यामुळे शिराकावांचं खरं काम झाकलं जातं असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा.

आधी पार्श्वभूमी. ॲसिटिलीन वायूचे रेणू जोडून पॉलिमर (लांब साखळीचा रेणू), म्हणजे पॉलिॲसिटिलीन, बनवायचं काम इटलीत रसायनशास्त्रज्ञ नट्टांनी 1958 मध्येच केलं होतं. हाती आली ती काळी भुकटी. ही भुकटी कशात विरघळत नाही, तापवली तर वितळत नाही, आणि हवेत ठेवली की खराब होते. तिच्यावर नीट मोजमाप करणंच अशक्य, त्यामुळे बहुतेकांनी तिचा नाद सोडला.

1967 मध्ये शिराकावा टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत इकेदा यांच्या प्रयोगशाळेत होते. ॲसिटिलीनची साखळी नेमकी कशी जोडली जाते हे त्यांना शोधायचं होतं. वीज वगैरे डोक्यात नव्हती. कोरियाहून आलेले प्युन नावाचे संशोधक तिथे काम शिकत होते. त्यांना दिलेल्या कृतीत उत्प्रेरकाचं प्रमाण मिलिमोलमध्ये होतं, ते मोलमध्ये, म्हणजे हजारपट, घेतलं गेलं. लिहिताना 'मिली' राहिलं की वाचताना निसटलं, हे शिराकावांनी नोबेल व्याख्यानातही दोन्ही शक्यता सांगून मोकळं ठेवलं आहे. द्रावणाच्या पृष्ठभागावर फाटके, पातळ तुकडे तरंगत होते. प्रयोग फसला म्हणून ते फेकून देता आले असते.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. माझ्या मते खरं काम इथून पुढे सुरू होतं. उत्प्रेरक इतका दाट असला की ॲसिटिलीन द्रावणात शिरायच्या आत पृष्ठभागावरच जोडला जातो, हे त्यांनी ओळखलं. मग मुद्दाम तशी रचना केली: काचेच्या भांड्याच्या आतल्या भिंतीला दाट उत्प्रेरक फासायचा, ढवळायचं नाही, आणि वायू आत सोडायचा. भिंतीवर एकसंध फिल्म धरते, ती सोलून काढता येते. उणे 78 अंश सेल्सियसला केलं तर तांबूस, तांब्यासारखी झाक असलेली फिल्म मिळते, 150 अंशांना केलं तर चंदेरी. पहिलीत साखळीची ठेवण 'सिस', दुसरीत 'ट्रान्स'. फिल्म पातळ असल्यामुळे तिच्यातून अवरक्त किरण थेट पाठवून हे ठरवता आलं. भुकटीच्या काळात हे जमण्यासारखं नव्हतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी बाब. टोकियोत असतानाच शिराकावा आणि इकेदांनी या फिल्मवर क्लोरीन आणि ब्रोमीन सोडून पाहिलं होतं. हॅलोजन (क्लोरीन-ब्रोमीनच्या गटातलं मूलद्रव्य) अगदी थोडा शोषला गेला की फिल्ममधून अवरक्त किरण जाणं एकदम बंद व्हायचं. फिल्ममध्ये मोकळे विद्युतभार तयार झाल्याची ती खूण होती. पण समोर होता रसायनशास्त्रज्ञ, आणि त्याचा प्रश्न वेगळा होता.

1975 मध्ये अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ ॲलन मॅकडायर्मिड टोकियोत आले. सल्फर आणि नायट्रोजनच्या साखळीचं सोनेरी पॉलिमर त्यांनी व्याख्यानात दाखवलं. नंतर चहा घेताना शिराकावांनी आपली चंदेरी फिल्म सांगितली, आणि मॅकडायर्मिडनी त्यांना आपल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बोलावून घेतलं. तिथे भौतिकशास्त्राच्या बाजूने ॲलन हीगर होते. 2000 चं नोबेल याच तिघांना मिळून मिळालं. 23 नोव्हेंबर 1976 ला हीगर यांचे पोस्टडॉक चियांग यांच्यासोबत शिराकावांनी फिल्मला चार तारा जोडल्या आणि ब्रोमीनची वाफ सोडली. काही मिनिटांत विद्युतवाहकता 1 कोटी पटीने वाढली. पेपर 1977 मध्ये आला.

1967 ते 1976. त्या चार तारा जोडता येतील अशी वस्तू जगात एकाच माणसाने नऊ वर्षं खपून तयार ठेवली होती. तरी गोष्टीत उरते ती फक्त चूक. तुम्हाला काय वाटतं?

---

निळी_शाई

सुरेख लिहिलंय. चहाची गोष्ट वाचली होती, अवरक्त किरणांचं मात्र पहिल्यांदाच कळलं.

एक प्राथमिक प्रश्न विचारते, मी वाणिज्य शाखेची आहे. वायरवर प्लॅस्टिकचं आवरण असतं ते वीज बाहेर येऊ नये म्हणून. मग प्लॅस्टिकमधून वीज जाते म्हणजे नक्की काय जातं?

---

भौतिकीचे_सर

निळी शाई, प्रश्न अगदी मुळाचा आहे.

पॉलिथिनच्या साखळीत प्रत्येक कार्बनचे चारही हात गुंतलेले असतात. इलेक्ट्रॉन जागच्या जागी बांधलेला, म्हणून ते निरोधक. पॉलिॲसिटिलीनमध्ये साखळीभर एक बंध दुहेरी, एक एकेरी, परत दुहेरी, परत एकेरी असा क्रम असतो. प्रत्येक कार्बनकडे एक इलेक्ट्रॉन असा उरतो की तो शेजाऱ्यांमध्ये पसरू शकतो. त्यामुळे हा पदार्थ निरोधक न राहता अर्धवाहक होतो. पण नुसत्या अर्धवाहकातून फारशी वीज जात नाही, कारण सगळ्या जागा भरलेल्या.

लहानपणी प्लॅस्टिकच्या चौकटीत 1 ते 15 आकड्यांच्या सरकत्या सोंगट्या असायच्या, आठवतात? एक घर रिकामं असतं म्हणून सोंगट्या हलतात. आयोडीन किंवा ब्रोमीन नेमकं ते रिकामं घर तयार करतात: साखळीतून इलेक्ट्रॉन ओढून घेतात. यालाच डोपिंग म्हणतात. मात्र सिलिकॉनमधल्या डोपिंगपेक्षा हे बरंच वेगळं आहे. सिलिकॉनमध्ये लाखो अणूंमागे एखादा परका अणू पुरतो आणि तो जाळीत सिलिकॉनची जागा घेतो. इथे शेकडा काही टक्के आयोडीन लागतो आणि तो साखळ्यांच्या मधे जाऊन बसतो. खरं तर ही ऑक्सिडीकरणाची साधी रासायनिक अभिक्रिया आहे, आणि ती उलटही फिरवता येते.

यात एक नाजूक गोष्ट आहे, आणि ती मला फार आवडते. साखळीच्या एका बाजूला क्रम 'दुहेरी-एकेरी' आणि दुसऱ्या बाजूला 'एकेरी-दुहेरी' असेल, तर मधे कुठेतरी सांधा येणारच. हा सांधा साखळीवरून सरकू शकतो आणि सोबत विद्युतभार नेऊ शकतो. 1979 मध्ये सू, श्रीफर आणि हीगर यांनी याचं गणित मांडलं. श्रीफर म्हणजे अतिवाहकतेच्या सिद्धांतासाठी 1972 चं नोबेल मिळालेले तेच. आज भौतिकीत 'टोपॉलॉजिकल' पदार्थ शिकवायला सुरुवात करतात ती बहुतेक ठिकाणी या तिघांच्या आद्याक्षरांवरून ओळखल्या जाणाऱ्या याच एसएसएच मॉडेलपासून. मी स्वतः एमएस्सीच्या मुलांना तेच फळ्यावर काढून दाखवतो. संशोधनाचा प्रभाव मोजायचा तर हेही मोजायला हवं. टोकियोतल्या रसायनशास्त्रज्ञाच्या भांड्यातली फिल्म, आणि तिच्यामुळे सैद्धांतिक भौतिकीचा एक अख्खा धडा उभा राहिला.

---

निळी_शाई

सर, समजलं! सोंगट्यांचं उदाहरण मुलीला दाखवते.

---

सांगलीचा_अभि

छान धागा. म्हणजे आपल्या हातातल्या ॲमोलेड फोनचा स्क्रीन शिराकावांमुळेच ना? बऱ्याच लेखांत असं लिहिलेलं असतं.

---

प्रकाशवाट

अभि, हे जरा सविस्तर लिहितो. माझं काम डिस्प्लेशी संबंधित आहे आणि हा घोळ सतत दिसतो.

तुमच्या फोनमधला ओलेड (वीज लावली की स्वतः प्रकाश देणारे सेंद्रिय थर; ॲमोलेड हा त्याचाच प्रकार) येतो तो दुसऱ्या घराण्यातून. कोडॅक कंपनीत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅनस्लाइक यांनी 1987 मध्ये दोन अतिपातळ सेंद्रिय थर एकावर एक देऊन 10 व्होल्टच्या आत हिरवा प्रकाश मिळवला. ते पदार्थ पॉलिमर नव्हते, लहान रेणू होते. निर्वातात तापवून त्यांची वाफ काचेवर बसवतात. आजचे फोन आणि ओलेड टीव्ही मुख्यतः त्याच पद्धतीने बनतात. तांग यांचं श्रेय तांग यांनाच द्यावं.

शिराकावांचा धागा जोडला जातो तो केंब्रिजमध्ये. रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने सुरुवात पॉलिॲसिटिलीनपासूनच केली. 1988 मध्ये बरोज, जोन्स आणि फ्रेंड यांनी पॉलिॲसिटिलीनचे डायोड आणि ट्रान्झिस्टर बनवून दाखवले. त्यासाठी डरहॅम विद्यापीठात जिम फीस्ट यांनी काढलेली युक्ती वापरली: आधी विरघळणारं पॉलिमर बनवायचं, ते काचेवर पसरायचं आणि मग तापवून त्याचं पॉलिॲसिटिलीन करायचं. हाच मार्ग पीपीव्ही नावाच्या पॉलिमरला लावताना बरोज यांना वीज लावल्यावर ते पिवळसर हिरवं चमकताना दिसलं. 1990 चा तो पेपर. पुढे पॉलिमर ओलेडवर खूप पैसा आणि मेहनत खर्च झाली, पण फोनच्या बाजारात जिंकले ते लहान रेणू. यात मला काही वाईट वाटत नाही. सेंद्रिय पदार्थात विद्युतभार कसा हलतो याची समज दोन्ही घराण्यांनी एकमेकांकडून घेतली.

सौरघटाचं मात्र थेट नातं आहे. हीगर 1982 मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराला गेले. तिथे 1992 मध्ये सारिचिफ्त्ची आणि हीगर यांच्या गटाने दाखवलं की पॉलिमरवर प्रकाश पडला की त्याचा इलेक्ट्रॉन शेजारच्या फुलरीनकडे (कार्बनचा पोकळ चेंडूसारखा रेणू) अत्यंत वेगाने उडी मारतो. 1995 मध्ये दोन्ही पदार्थ एकत्र कालवून सौरघट केला. आज फुलरीन मागे पडलं आहे, नवे रेणू आले आहेत, आणि प्रयोगशाळेतले सेंद्रिय सौरघट 19 टक्क्यांच्या पुढे पोचले आहेत. छपरावर ते अजून दिसत नाहीत, कारण टिकाऊपणात सिलिकॉन फार पुढे आहे.

---

जुना_वाचक

रसायनी, तुमचा मुद्दा पटतो, पण श्रेयाची चर्चा निघालीच आहे तर पूर्ण करू. ऑस्ट्रेलियात डोनाल्ड वाइस आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्येच पॉलिपायरोल हे वेगळं पॉलिमर आयोडीनसह वीज वाहतं हे छापलं होतं. पॉलिॲनिलीन हे आणखी एक वीज वाहणारं पॉलिमर तर 1862 पासून माहीत आहे, लंडनच्या लेथबी यांनी बनवलं होतं. शिवाय प्युन आणि चियांग यांचं काय? चियांग 1977 च्या पेपरवर आहेत, नोबेलमध्ये नाहीत.

---

रसायनी

जुना वाचक, हे प्रश्न यायलाच हवे होते.

वाइस यांचं काम खरं आणि आधीचं आहे, त्याचा उल्लेख न करणं अन्यायाचंच. प्रत्येक अभ्यासक्रमात त्यांचं नाव यायला हवं. पण त्यांचं पॉलिपायरोल म्हणजे गुंतागुंतीचं, आडवेतिडवे जोडलेलं राळेसारखं द्रव्य होतं. वीज का वाहते हे त्यावरून उलगडणं अवघड होतं, आणि पुढे तो धागा तुटला. पॉलिॲसिटिलीनमध्ये कार्बन, हायड्रोजन आणि सरळ साखळी एवढंच आहे. म्हणूनच सरांनी वर सांगितलेलं गणित त्याच्यावर मांडता आलं. शोधाने क्षेत्र उभं राहतं तेव्हा आधी कोणी पाहिलं हा एक प्रश्न असतो आणि कोणाच्या कामावर पुढच्यांना उभं राहता आलं हा दुसरा. मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिलं.

चियांग यांच्याबद्दल मात्र माझंही मन अस्वस्थ होतं. मोजमाप त्यांचं. एका नोबेलमध्ये तीनच नावं, हा नियम अशा कामाला पुरा पडत नाही. प्युन यांचं नाव तर बहुतेक लेखांत 'एक कोरियन विद्यार्थी' एवढंच येतं. ते विद्यार्थी नव्हते, कोरियाच्या अणुऊर्जा संशोधन संस्थेतून आलेले संशोधक होते. एवढं तरी आपण नीट लिहू या.

---

कोथरूडची_मीनल

मी एमएस्सीला असताना पुण्यात पॉलिॲनिलीन बनवलं आहे, त्याबद्दल लिहिते. पॉलिॲसिटिलीन साध्या कॉलेजात करता येत नाही, त्याला हवा चालत नाही. पॉलिॲनिलीन चालतं, आणि मॅकडायर्मिड 1980 च्या दशकात त्याच्याकडे वळले त्याचं हेही एक कारण असणार.

ॲनिलीन हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये घ्यायचं, भांडं बर्फात ठेवायचं आणि अमोनियम परसल्फेटचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग फिकट निळी छटा येते, ती बघता बघता गडद होते, तापमापी चढायला लागतो, आणि सगळं गर्द हिरवं होतं. काचेच्या कडेला जो थर बसतो त्याला तिरप्या उजेडात तांब्यासारखी चमक असते. गाळून, खालचं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. हाताला, ॲप्रनला, सिंकला सगळीकडे हिरवं.

वाळलेल्या पुडीची गोळी दाबून मल्टिमीटर लावला की काटा हलतो. तीच पुडी अमोनियात टाकली की निळी होते आणि मीटर काहीच दाखवत नाही. परत ॲसिडमध्ये टाकली की हिरवी, आणि पुन्हा वीज वाहते. इथे आयोडीनसारखं कोणी इलेक्ट्रॉन ओढत नाही, आम्लाचा प्रोटॉन येऊन जोडला जातो एवढंच. रंगावरून वीज ओळखता येते हे स्वतः पाहिलं की हा विषय डोक्यातून जात नाही.

याच गुणामुळे पॉलिॲनिलीनचे संवेदक बनतात. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कॉन्ट्रॅक्टर यांच्या गटाने 1990 च्या सुमारास पॉलिॲनिलीनमध्ये एन्झाइम बसवून ग्लुकोज ओळखणारे संवेदक केले होते. आपल्याकडे हे काम किती लवकर सुरू झालं होतं ते लोकांना माहीत हवं.

---

सांगलीचा_अभि

प्रकाशवाट, खूप आभार. आता नेमकं विचारतो: मग वीज वाहणारं पॉलिमर आज प्रत्यक्ष कुठल्या वस्तूत आहे?

---

मंदार_हार्डवेअर

अभि, कॉम्प्युटर उघडून मदरबोर्ड बघ. प्रोसेसरच्या आजूबाजूला छोटे ॲल्युमिनियमचे डबे असतात, वरून सपाट, ज्यांच्या डोक्यावर फुलीची खाच नसते. ते पॉलिमर कॅपॅसिटर. जुन्या कॅपॅसिटरमध्ये द्रव असायचा, उष्णतेने सुकायचा किंवा डबा फुगायचा. मी दुरुस्तीला आलेले असे फुगलेले कॅपॅसिटर ढिगाने काढले आहेत. नव्यांमध्ये द्रवाच्या जागी वीज वाहणारं घन पॉलिमर असतं, त्यामुळे रोध कमी आणि आयुष्य जास्त. फुगून आलेला पॉलिमर कॅपॅसिटर क्वचितच दिसतो.

---

रसायनी

मंदार, अगदी योग्य उदाहरण. त्यातलं पॉलिमर बऱ्याचदा पेडॉट असतं. ते जर्मनीत बायर कंपनीत 1980 च्या दशकाच्या शेवटी निघालं. त्याला पीएसएस नावाच्या दुसऱ्या पॉलिमरची जोड दिली की ते पाण्यात पसरतं आणि निळसर शाईसारखं कशावरही लावता येतं. पहिला मोठा उपयोग झाला फोटोच्या फिल्मवर: रीळ वेगाने फिरताना स्थिर विजेची ठिणगी पडून फोटो खराब व्हायचे, ते थांबवायला आग्फाने त्याचा थर दिला. आता तेच पेडॉट मेंदूचे संकेत टिपणाऱ्या इलेक्ट्रोडवर लावतात, कारण ते इलेक्ट्रॉन आणि आयन दोन्ही वाहतं, आणि शरीराचा कारभार आयनांवर चालतो. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठातल्या गटाने 2015 मध्ये गुलाबाच्या देठात पेडॉटच्या तारा वाढवून ट्रान्झिस्टर केला.

आणि पॉलिॲसिटिलीन? 1987 मध्ये जर्मनीतल्या बीएएसएफमध्ये नारमान आणि थिओफिलू यांनी फिल्म ताणून वाहकता 1 लाख सीमेन्स प्रति सेंटीमीटर (वाहकतेचं एकक) याच्या पुढे नेली. तांब्याची साधारण 6 लाख असते, म्हणजे फार लांब नाही. तरीही हवेत ते टिकत नाही, म्हणून माझ्या माहितीतल्या एकाही रोजच्या वस्तूत ते नाही. शिराकावांचं स्वतःचं पॉलिमर बाजारात आलं नाही, आणि त्यावरून शिकलेलं मात्र वर सगळ्यांनी सांगितलेल्या प्रत्येक वस्तूत आहे. संशोधनाला 'याचा उपयोग काय' असं पहिल्याच वर्षी विचारणाऱ्यांनी ही नऊ वर्षं बघावीत.

---

जपानवासी

मी काही वर्षं त्सुकुबाला होतो. शिराकावा 1979 पासून तिथल्या विद्यापीठात शिकवत होते आणि मार्च 2000 मध्ये निवृत्त झाले. नोबेल जाहीर झालं ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. जपान सरकारचा सांस्कृतिक सन्मानही त्याच वर्षी, नोबेलनंतर मिळाला. तोवर देशातल्या सामान्य माणसाला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

त्यांचं बालपण ताकायामा या डोंगरातल्या गावात गेलं. शाळेत असताना त्यांनी निबंधात लिहिलं होतं की मोठेपणी प्लॅस्टिकवर संशोधन करायचं आहे. त्या काळातलं प्लॅस्टिक गरम डबा गुंडाळला की वाकडं व्हायचं, ते सुधारायचं होतं. निवृत्तीनंतर टोकियोच्या मिराइकान विज्ञान संग्रहालयात ते मुलांकडून वीज वाहणारी पॉलिमरं करून घेत असत.

---

निळी_शाई

मुलगी बारावीला आहे, तिला हा धागा वाचायला दिला. ती विचारते आहे की याचं शिक्षण आपल्याकडे कुठे मिळेल, आणि रसायनशास्त्र घ्यायचं की भौतिकी?

---

भौतिकीचे_सर

तिला सांगा, बीएस्सीला दोन्ही सोबत ठेवता येतील असं कॉलेज बघ. पुढे पुण्यात आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची राष्ट्रीय संस्था) आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, मुंबईत आयआयटी, बंगळुरात जवाहरलाल नेहरू केंद्र. तिथे प्रा. के. एस. नारायण यांच्या गटाचं पॉलिमर इलेक्ट्रॉनिक्सवर अनेक वर्षांचं काम आहे. उन्हाळ्यात विज्ञान अकादमींच्या शिष्यवृत्तीवर पदवीच्या मुलांना अशा प्रयोगशाळांत काम करायला मिळतं, त्यासाठी दुसऱ्या वर्षापासून अर्ज करायचा. आणि रसायन की भौतिकी याचं उत्तर या धाग्यातच आहे: अवरक्त किरण अडले तेव्हा टोकियोत शेजारच्या बाकावर भौतिकीवाला असता, तर 1976 ची वाट बघावी लागली नसती.

---

कोथरूडची_मीनल

निळी शाई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. सुट्टीत तिला घेऊन या, माझ्या ओळखीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पॉलिॲनिलीन करून दाखवू. जुने कपडे घालून यायला सांगा, तो हिरवा डाग निघत नाही.